दिवाळीच्या सुट्टीत ‘गॅरंटीड’ ब्राउन ट्राउट: तीर्थन खोऱ्यातला अनुभव

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडायला नेणारे हल्ली बरेच झालेत. त्यांत खरे जाणकारही आहेत. गुशैणी, नागिणीकडची काही पोरं लहानपणापासून त्या नदीवर वाढलेली आहेत, कुठल्या धोंड्यामागे मासा असतो ते त्यांना पाठ असतं. हे लिहितोय ते त्यांच्याबद्दल नाही. फोनवरून बुकिंग घेणाऱ्या, ‘मासा लागणार म्हणजे लागणार’ म्हणणाऱ्या मंडळींबद्दल आहे.

आधी मुद्द्याची गोष्ट. हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. थंडीत ब्राउन ट्राउट उथळ पाण्यातल्या खडीत अंडी घालतात, म्हणून. आणि आपल्याकडचा माणूस सुट्टी काढतो ती दिवाळीला. दिवाळी नोव्हेंबरात आली की या धंद्याचं चांगलंच फावतं. गिऱ्हाईक लांबचं, सुट्टी ठरलेली, तिकिटं काढलेली, आणि तिथले नियम त्याच्या कानावर गेलेले नसतात.

आमचं बुकिंग मेहुण्याने केलं. त्याला फ्लाय फिशिंगचं वेड, नवा रॉड घेतलेला. गाइड फोनवर एकदम तयार. कुठली फ्लाय (किड्यासारखा दिसणारा गळ) कुठल्या पाण्यात चालते, लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) किती लांब ठेवायचा, सगळं घडाघडा सांगायचा. दोघांचे मिळून ३८,००० रुपये: राहणं, जेवण, गाइड, गाडी, आणि ‘परवाना शुल्क’ म्हणून माणशी २,५००. खरी सरकारी फी या आकड्याच्या जवळपासही नसते. २५,००० आगाऊ यूपीआयने घेतले. खात्यावर नाव एका बाईंचं. ‘मिसेसचं अकाउंट आहे सर.’ परवाना कुठे म्हणून विचारलं तर शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो लगेच आला. बंदीबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘वो नदी के लिए है सर, अपना प्रायव्हेट वॉटर है.’ वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आतही एक दिवस नेतो म्हणाला. पार्कसाठी वेगळी परवानगी लागते आणि गुशैणीहून पार्कच्या हद्दीपर्यंत चांगली काही तासांची पायपीट आहे, हे मात्र त्याने शेवटपर्यंत काढलं नाही.

औटच्या बोगद्यापाशी गाडी घ्यायला आली. पहिल्या सकाळी आम्हाला तीर्थनच्या मुख्य पात्रावर न नेता एका बाजूच्या ओहोळावर नेलं. शेताला पाणी नेणारी कूहल असते ना, तिचं वापरून उरलेलं पाणी जिथे परत खाली येतं, तिथे दगड लावून एक डोह केलेला. जागा सुंदर, वर आल्डरची झाडं. गाइड हलक्या आवाजात बोलत होता, जणू माशांना ऐकू जाईल.

रानटी ट्राउट किती भित्रा असतो, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला पुढचं लगेच कळेल. तो प्रवाहाकडे तोंड करून धोंड्याच्या आडोशाला उभा असतो, वाहत आलेला किडा तेवढा टिपतो. माणसाची सावली पाण्यावर पडली की पसार. इथे मेहुण्याची पहिलीच कास्ट, म्हणजे दोरीची फेक, चुकली, दोरीचं भेंडोळं धपकन पाण्यात पडलं, आणि मासे पळण्याऐवजी त्या आवाजाकडे धावले. तीन-चार एकदम. रोज वरून खाद्य टाकलं जातं त्या टाकीतलेच मासे असे धावतात.

एक लागला. गाइड ओरडला, ‘वाइल्ड ब्राउन!’ फोटो काढले. मी मासा हातात घेऊन पाहिला. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा, शेपटीवर काळे ठिपकेच ठिपके. हा रेनबो, ट्राउटचीच दुसरी जात. ब्राउनच्या अंगावर लाल ठिपके असतात, भोवती फिकं कडं, आणि शेपूट बहुधा स्वच्छ असते. आता एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, डोंगरी नद्यांमध्ये मासे वाढवणाऱ्या फार्ममधून सुटलेले रेनबोही सापडतात. पण याचे पंख पाहण्यासारखे होते. पाठीवरचा झिजून बोटभर उरलेला, शेपटीच्या कडा गोल, फाटक्या. सिमेंटच्या टाकीत दाटीवाटीने वाढलेल्या माशाची ही खूण आहे, नदीतल्या माशाचे पंख धारदार असतात. तेवढ्यात माझी फ्लाय डोहाच्या खालच्या तोंडाला अडकली. सोडवायला गेलो तर फांद्यांखाली लोखंडी जाळी. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली.

‘मोठे मासे वर अडकून राहावेत म्हणून,’ असं उत्तर मिळालं.

संध्याकाळी होमस्टेच्या काकींनी तो मासा साफ करायला घेतला. पोट चिरलं तर आत तपकिरी लगदा, त्यात काही गोळ्या अजून अख्ख्या. वास थेट सुक्या मासळीच्या कुट्याचा, कारण ट्राउटच्या खाद्यात तो घालतात. नदीतल्या माशाच्या पोटात पाणकिड्यांची टरफलं निघतात, वाळूच्या नळीत राहणाऱ्या अळ्या निघतात. काकी हसून म्हणाल्या, ‘ये तो फारम का है. कल ही टेम्पो में आया.’ त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण तोच मासा फार्मवर किलोच्या भावात मिळतो.

दुसऱ्या दिवशी डोहावर मत्स्य विभागाचा माणूस आला. त्याला येताना पाहून गाइड ‘चाय लेके आता हूँ’ म्हणून जो गेला तो आम्हाला पुन्हा दिसला नाही. त्या कर्मचाऱ्याने आमचा कागद उलटसुलट करून पाहिला. तारीख नोव्हेंबरची, आणि नोव्हेंबरात ट्राउटचा परवाना कोणाला देतच नाहीत. शिक्का कुठल्यातरी जुन्या परवान्यावरून उचललेला. माणूस सज्जन होता. नावं लिहून घेतली, समज दिली, मेहुण्याचा रॉड जप्त होता होता वाचला. जाता जाता म्हणाला, मार्च-एप्रिलमध्ये या, नाहीतर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात. पाणी नितळ असतं, दिवसाला एखादा ब्राउन लागला तरी नशीब समजा.

खरा गाइड नेमकं हेच बोलतो. इथला ब्राउन ट्राउट मुळात पाहुणा, १९०९ साली कुल्लूत काश्मीरहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेला. काश्मीरला तो स्कॉटलंडहून आलेला. पण शंभराहून जास्त वर्षं नदीतच जन्मून नदीतच मरतोय, तो कोणाच्या पॅकेजप्रमाणे वर येत नाही. ज्याला गॅरंटी द्यायची आहे त्याला मासे आणून सोडावेच लागतात, दुसरा इलाज नाही. चांगला माणूस तुमचं ओळखपत्र मागतो, कारण परवाना तुमच्या नावाने काढायचा असतो. ‘परवाना आमच्याकडे आहे’ हे वाक्य ऐकलं की तिथेच फोन ठेवा. आणि स्वतः बंजार किंवा लारजीकडे मत्स्य विभागात विचारा, माहिती देतात.

पैशाचं म्हणाल तर फोन त्याच संध्याकाळी बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. लवकर केल्यामुळे खात्यात उरलेले ६,००० गोठवले गेले, बाकी आधीच पुढे गेले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली, पण समोरच्याचं नाव-पत्ताच खोटा असल्यावर नोटीस पाठवणार कोणाला?

आता तीच जाहिरात नव्या नावाने फिरतेय, यावेळी काश्मीरच्या लिद्दर नदीसाठी. ‘समाधानी ग्राहक’ म्हणून त्यात निळी टोपी घातलेला, झुबकेदार मिशांचा एक माणूस हातात मासा धरून हसतोय. तो माझा मेहुणा आहे. आम्ही तो फोटो तीनदा रिपोर्ट केला, अजून काढलेला नाही.