बाल्टिक अंबरातली मुंगी: खडा चांगला, चिठ्ठी कच्ची

माल नेहमीचाच: घुमटाकार पॉलिश केलेला बाल्टिक अंबराचा (बाल्टिक समुद्राकडच्या, दगड बनलेल्या प्राचीन राळेचा) खडा, आत एक कामकरी मुंगी आणि सोबत ‘टेनोबेथिलस गोपर्टी’ अशी चिठ्ठी. इओसीन काळातली (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीची) ही मुंगीची नामशेष जात कीटकतज्ज्ञ गुस्टाफ मायर यांनी १८६८ मध्ये वर्णिली. बाल्टिक अंबरात सर्वाधिक सापडणारी मुंगी हीच, त्यामुळे विक्रेते डोळे झाकून हेच नाव डकवतात.

नाव तपासायचं तर दहापट भिंग घ्या आणि मुंगी आडवी, बाजूने दिसते का ते पाहा. छाती आणि पोट यांमधल्या देठाला दोन गाठी असतील तर चिठ्ठी चुकीची. गाठ एकच असली तरी काम संपत नाही. पोटाचं टोक बघावं लागतं. तिथे केसांची झालर असलेलं गोल छिद्र दिसलं तर ती लासियस किंवा फॉर्मिका या मुंग्यांच्या उपकुळातली, आडवी फट असेल तर टेनोबेथिलसच्या. नेमकी इथेच या मालाची गोची होते. बाल्टिक अंबरातल्या किड्यांवर बहुधा पांढुरकी साय असते आणि घुमटाकार पृष्ठभागामुळे आकार वाकडा दिसतो. खड्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर काचेची पातळ पट्टी ठेवली की वाकडेपणा बराच कमी होतो. साय मात्र जात नाही. म्हणून घासायला जाऊ नका: मुंगीच्या जागी बहुतेक वेळा पोकळीच असते, ती उघडी पडली की नमुना गेला.

खरेपणासाठी २०० मिली पाण्यात ७० ग्रॅम मीठ विरघळवा. काच आणि बॅकेलाइट (एक जुनं प्लास्टिक) बुडतात, अंबर तरंगतं. पण कोपल (अंबराइतकी जुनी नसलेली राळ) आणि पॉलिस्टायरीन हे प्लास्टिकही तरंगतात, त्यामुळे नुसत्या या चाचणीवर समाधान मानू नये. धातूच्या कोंदणातला खडा तर बुडणारच. पुढे मागच्या कडेवर, मुंगीपासून लांब, अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकून लगेच पुसा; जागा चिकट झाली तर ते अंबर नव्हे. मुंगी अगदी मधोमध, पाय सुबक पसरलेली, वर सायीचा मागमूस नाही, असा खडा तर आधी तपासावा.

सपाट घासलेला, मुंगी बाजूने दाखवणारा खडा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जातीच्या नावासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. उन्हात आणि दिव्याखाली ठेवू नका, बारीक भेगा पडतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं तर नकोच.