२५५ की ४५० लिटर? टर्बो गाडीसाठी फ्युएल पंप

आधी हिशोब करा. जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न सोडता इनटेकमध्ये फवारणाऱ्या) गाडीला ३०० हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण ११० लिटर पेट्रोल लागतं. वॉल्ब्रो २५५ (वॉल्ब्रो कंपनीचा तासाला २५५ लिटरचा पंप) हे सहज देतो. मात्र तो आकडा सुमारे ३ बार प्रेशरचा आहे. १ बार बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर) इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये ४ बार लागतात, तेव्हा फ्लो घटतो. व्होल्टेज पडलं तर आणखी.

वॉल्ब्रो ४५० ची खरी गरज ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे, किंवा ई८५ वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन, जे जास्त लागतं). तो १५ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. मूळ वायरिंगवर चालवला तर कनेक्टर वितळू शकतो. बॅटरीपासून वेगळी ४ स्क्वेअर मिमीची वायर, फ्यूज आणि रिले हवाच. अर्थिंगची वायर रंग खरवडून चेसिसला द्या.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, मोठा पंप उलट त्रास देतो. आयडलवर जवळपास सगळं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत येतं, टाकी तापते, वाफ धरते. रिटर्न लाइन किंवा प्रेशर रेग्युलेटर अपुरा असेल तर प्रेशर चढून गाडी रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर) चालते. टाकी पावच्या खाली नेऊ नका.

शहरात फिरणाऱ्या गाडीला २५५ च घ्या, पण अस्सल. नकली माल बाजारात भरपूर आहे. गाळणी सोबत नवीच टाका.