बेळगावात दातावर खडा बसवून घेणार असाल तर आधी हे वाचा

एकूण गेले ११,४४८ रुपये. बसभाडं, बुडालेली रजा आणि लाज यात धरलेली नाही.

मी निपाणीत एका सोसायटीत कॅशियर आहे. नऊ वर्षं लोकांच्या नोटा उजेडाखाली धरून खरी कुठली, खोटी कुठली ते बघते. म्हणूनच हे लिहायला सहा आठवडे लागले. घरात फक्त आईला माहीत आहे. ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दातावर हिरे कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझ्या आजोबांच्या पुढच्या दाताला सोन्याची टोपी होती आणि ते हसले की गावाला कौतुक वाटायचं. भावाचं लग्न ठरलं होतं, हौस होती, पैसे माझ्या पगाराचे होते.

इन्स्टाग्रामवर जाहिरात आली: ‘बेळगावात फक्त तीन दिवस, मोजक्याच जागा’. पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. ५०० रुपये बुकिंग, ‘परत मिळणार नाही’. मावसबहिणीलाही सोबत घेतलं, कारण जोडीनं आलं तर सूट होती. टिळकवाडीत एका पार्लरच्या वरची खोली. दारात पाटी नाही, आत पाण्याचा नळ नाही. दोघी मुली, पांढरे कोट घातलेल्या, तोंडात साखर. “आक्का, तुमचे दात किती छान आहेत हो, एवढ्याशा खड्यानं काय होणार?”

हिशेब असा: दोन खडे, १,१०० प्रमाणे २,२००. ‘२२ कॅरेट’ सोन्याचं पान ५,४००. ‘आजीवन वॉरंटी’ ९९९. एकूण ८,५९९, म्हणजे बुकिंग वजा जाता ८,०९९. सोन्यावर हॉलमार्क का नाही, हे मी विचारलं होतं बरं का, अगदीच बावळट नाही मी. उत्तर आलं, “दोन ग्रॅमच्या आतल्याला लागत नाही आक्का.” हे खरंच आहे, तेवढ्या हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. एक खरं सांगितलं की पुढची दहा खोटी खपतात. स्कॅन केल्यावर पडद्यावर भलत्याच पुरुषाचं नाव आलं, तर म्हणे “आमच्या सरांचं खातं.” कुठले सर?

आता जे रोज रात्री आठवतं ते. तिनं कापसाचा बोळा ओठाखाली ठेवला, एका नळीतून थेंब लावला, खडा ठेवला आणि छोटी टॉर्च पेटवली. उजेड जांभळा. आमच्या काउंटरवर नोटा तपासायला असतो तोच, हुबेहूब. आणि मी तोंड उघडं ठेवून, तशीच बोबडी, म्हणालेसुद्धा, “आमच्या नोटांच्या मशीनसारखाच आहे की हा!” तिघी हसल्या, चौथी मी. दोन वर्षांपूर्वी दाढ भरून घेतली तेव्हा डॉक्टरांनी निळा उजेड धरला होता, हे मला आठवत होतं. डोळ्यांना दिसत होतं, तोंडानं बोलत होते, आणि खुर्चीवरून उठले मात्र नाही. त्याच वेळी ओठाला चटका बसला, बोळा गरम झाला होता. “थोडं होतं आक्का, म्हणजे घट्ट बसतंय.”

दुसऱ्या एका दंतवैद्यांनी नंतर खरी रीत सांगितली. दात आधी पॉलिश करून कोरडा ठेवतात. मग साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचा जेल काही सेकंद लावून पाण्यानं धुतात, म्हणजे वरचं एनॅमल किंचित खरखरीत होतं. त्यावर बाँड (चिकटवणारा द्रव), मग दात भरायला वापरतात तसलंच कंपोझिट, त्यात खडा, आणि वरून निळा उजेड. ड्रिल कुठंच नाही. माझ्या दातावर होता नखं चिकटवायचा डिंक. तो कापसाला लागला की तापतो, चटका त्याचाच. लाळेत तो टिकत नाही. जिथं तोंड धुवायला पाणीच नाही, तिथून उलट्या पावली परत या.

चौथ्या दिवशी गोकाकचा करदंट खाताना सोन्याचं पान गेलं. थेट पोटात. (असं झालं तर घाबरू नका, बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं. पण खोकल्याची उबळ आली किंवा श्वासाला त्रास झाला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.) फोन केला तर म्हणे चिकट खाल्लंत, वॉरंटी संपली. आजीवन वॉरंटीचं आयुष्य चार दिवसांचं. नवव्या दिवशी एका खड्यामागची चंदेरी पन्नी सुटली आणि दातावर काळा ठिपका. हळदीच्या सगळ्या फोटोंत तो आहे. वहिनीच्या माहेरच्यांना वाटलं, कीड लागलीय.

पुढचं लिहिताना हात थांबतो. ‘घरच्या घरी परत बसवा’ किटसाठी मी आणखी १,२९९ पाठवले. कुरिअर आलं: तीच टॉर्च आणि नळी. नळीवर नखाचं चित्र. तेव्हा कुठं डोकं चाललं.

बहिणीचं पान अजून टिकून होतं, ते काढून सोनाराकडे नेलं. कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब टाकला, रेघ उडाली. पितळ. बहीण माझ्याशी बोलत नाही.

उरलेले खडे काढून पॉलिश करायला १,४०० रुपये. पिनेनं, नखानं उचकटू नका, एनॅमलचा टवका निघतो. माझ्या खड्याभोवती कीट साचून हिरडी सुजलीच होती. खरा खडा असला तरी त्याच्या कडेनं मऊ ब्रश फिरवावाच लागतो, बर्फ आणि चिक्की त्या दातानं फोडायची नाही. हे त्या खोलीत कुणी सांगितलं नाही.

आता सरकार. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन: “ओटीपी दिला का? लिंक दाबली का?” नाही. “मग तुम्ही स्वतः पैसे दिलेत, ग्राहक तक्रार करा.” ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन: “बिल?” वॉरंटी कार्डावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणे, पण समोरच्याचा पत्ता लागतो! निपाणीच्या ठाण्यात: घडलं बेळगावात, तिकडं जा. पाऊणशे किलोमीटर गेले. तिथं: खातं कोल्हापूरचं, तो महाराष्ट्राचा विषय. म्हणजे कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की पैसा परदेशी. वर अर्ज कन्नडात आणा. मला कन्नड बोलता येतं, भांडताही येतं, पण अर्जाचं कन्नड निराळं. बाहेरच्या टायपिस्टला १५० दिले. साहेबांनी अर्ज वाचला. “सोनं गिळलं? मग पुरावा कुठाय?” सगळी खोली हसली. हाती एक हिंबरह (पोलिसांचं लेखी उत्तर) टेकवलं, दिवाणी बाब आहे म्हणून. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हे मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही जाताना कागदावर लिहून न्या.

आणि दंतवैद्य असेल तर नोंदणी क्रमांक मागा. १९४८ पासून कायदा आहे, नोंदणीशिवाय दातांचा धंदा करता येत नाही. आम्ही दागिनेवाले, डॉक्टर नव्हे, असं म्हणाले तर तोंड मिटून घ्या.

गेल्या रविवारी तेच लोक नव्या नावानं दिसले. ‘गोकाकमध्ये फक्त तीन दिवस.’ खाली समाधानी ग्राहकांचे फोटो. त्यात डावा सुळा जरासा वाकडा, दोन खडे आणि एक सोन्याचं पान असलेलं हसू दिसलं तर ओळखा, ती मी आहे. रिपोर्ट दाबून आठ दिवस झाले, फोटो अजून तिथंच आहे.