लग्नात बोलायचे कुठे : मंगलाष्टकात, केळवणात की स्वागत समारंभात?

लग्न ठरले की घरातल्या कुणाला तरी, बहुधा मामाला, आत्याला, थोरल्या भावाला किंवा एखाद्या जिवलग मैत्रिणीला, ‘तुम्ही दोन शब्द बोला’ अशी गळ घातली जाते. काय बोलायचे याची काळजी त्या क्षणापासून सुरू होते. कुठे बोलायचे याचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही, आणि मनापासून तयार केलेले बोलणे केवळ जागा चुकल्यामुळे वाया जाते. आपल्याकडे यासाठी मुख्यतः तीन जागा आहेत : स्वतः रचलेले मंगलाष्टक, केळवणाच्या दिवशी घरच्या माणसांत केलेले बोलणे आणि स्वागत समारंभातले मनोगत. माझे मत असे आहे की आशीर्वाद द्यायचा असेल तर मंगलाष्टक निवडावे, आठवणी सांगायच्या असतील तर केळवण निवडावे, आणि स्वागत समारंभ दोन्ही कुटुंबांची ओळख व आभार यांच्यापुरताच ठेवावा.

मंगलाष्टकाचे मोठे बळ म्हणजे त्या वेळी मिळणारे लक्ष. अंतरपाट धरलेला असतो, प्रत्येकाच्या हातात अक्षता असतात आणि ‘शुभमंगल सावधान’ कानांवर पडेपर्यंत सगळे मांडवाकडेच पाहत असतात. परंतु तिथे वेळ आपल्या हातात नसतो. मुहूर्त गाठायचा असल्यामुळे किती मंगलाष्टका म्हणायच्या हे गुरुजी घड्याळ पाहून ठरवतात, म्हणून आपले कडवे कितवे येणार हे त्यांच्याशी आधी बोलून ठरवावे आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे द्यावी. मामा स्वतःच म्हणणार असेल तर रीतीप्रमाणे तो वधूच्या पाठीशी उभा असतो. ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत कोण आणून देणार, एवढी साधी गोष्टही आदल्या दिवशी ठरलेली बरी.

खरी परीक्षा वृत्ताची असते. पारंपरिक मंगलाष्टका प्रामुख्याने शार्दूलविक्रीडितात आहेत. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात 19 अक्षरे असतात, 12व्या अक्षरावर यती, म्हणजे म्हणताना घ्यायचा थांबा, येतो आणि म, स, ज, स, त, त हे गण (लघु-गुरूंच्या ठरावीक क्रमाचे तीन-तीन अक्षरांचे गट) व शेवटी एक गुरू, म्हणजे दीर्घ उच्चाराचे अक्षर, असा क्रम असतो. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’ इथे बारा अक्षरे पुरी होतात आणि ‘गोदावरी नर्मदा’ ही उरलेली सात. वधूवरांची नावे या चौकटीत वाटेल तिथे बसत नाहीत. ‘स्वाती’ हे दोन गुरूंचे नाव चरणाच्या आरंभी घालता येते, तसेच यतीनंतर लगेच घालता येते. ‘आदित्य’लाही दोन-तीन जागा सापडतात. ‘मृणालिनी’ मात्र पाचव्या ते आठव्या अक्षरांवरच बसते, दुसरीकडे नाही. आणि ‘मधुवंती’ तर शेवटचा स्वर ऱ्हस्व केल्याशिवाय किंवा यती मोडल्याशिवाय बसतच नाही. म्हणून रचना करताना आधी नावाची जागा ठरवावी आणि मग भोवतालचे शब्द जुळवावेत. उलट्या क्रमाने गेल्यास नावाची ओढाताण होते, आणि चाल ठरलेली असल्यामुळे ती ओढाताण सगळ्या मांडवाला ऐकू येते.

याहून अधिक खटकणारा दोष म्हणजे नातेवाइकांची यादी. काका, काकू, आत्या, मामा, आजोळ असे सगळ्यांना समाधानी करण्याच्या नादात कडव्यात वधूवरच उरत नाहीत. चार चरणांत दोन नावे, दोन घरे आणि एक मनापासूनची इच्छा एवढे आले तरी ते भरगच्च होते. एखादा प्रसंग या चार ओळींत मावत नाही आणि मावू नये, कारण ती जागा शुभचिंतनाची आहे. वृत्ताशी ओळख नसलेल्या माणसाने दोन आठवडे उरलेले असताना हा मार्ग धरू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मंगलाष्टक म्हणजे केवळ देवतांचे स्तवन नव्हे, हेही इथे नोंदवले पाहिजे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासून ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्यास सुरुवात केली, आणि 1887 मध्ये फुले यांनी विवाहविधीसाठी मराठी मंगलाष्टका प्रसिद्ध केल्या. त्यांत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात आणि स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न थेट मांडवात येतो. वधूवरांना स्वतःच काही म्हणायचे असेल, तर त्यांच्यापुढे हा आपला, मराठीतला आणि भारदस्त आदर्श आहे.

केळवणाची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे पंधरा-तीस माणसे असतात, ध्वनिक्षेपक लागत नाही, आणि ऐकणारा प्रत्येकजण त्या मुलाला किंवा मुलीला लहानपणापासून ओळखत असतो. सात-आठ मिनिटे बोललेले तिथे कुणालाही जड जात नाही. औक्षण झाल्यावर ताटे वाढलेली असताना बोलायला उभे राहू नये. जेवणे आटोपून विडे दिले जातात आणि माणसे निवांत बसतात, ती वेळ धरावी. बारावीच्या निकालाच्या दिवशी ती कशी वागली, आजीच्या आजारपणात त्याने कोणती रात्र जागून काढली, पहिल्या पगारातून घरात काय आणले, अशा गोष्टींना हीच जागा योग्य आहे. विशेषतः वधूवरांच्या दिवंगत आईवडिलांविषयी किंवा आजीआजोबांविषयी बोलायचे असेल तर ते केळवणातच बोलावे, आणि मागे राहिलेल्या माणसाला त्याची कल्पना आधी द्यावी. ऐन मांडवात, मुहूर्ताच्या घाईत, शेकडो लोकांसमोर एखाद्या माऊलीला अश्रू आवरायला लावणे मला योग्य वाटत नाही. घरात मात्र तेच अश्रू मोकळेपणाने वाहू शकतात.

केळवणाची उणीव एकच, पण ती मोठी आहे : व्याही तिथे बहुधा नसतात. प्रत्येक घर आपापल्या परीने केळवण करते, त्यामुळे आपल्या मुलीविषयीचे चांगले बोल तिच्या नव्या घरापर्यंत पोहोचत नाहीत. मित्रमैत्रिणीही सहसा नसतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन होणार असेल, तर ही उणीव काही अंशी भरून निघते. दोन्हीकडची जवळची माणसे तेव्हा एकत्र आलेली असतात, आणि एखाद्या वडीलधाऱ्याने तीन-चार मिनिटे बोलणे त्या प्रसंगाला शोभून दिसते.

स्वागत समारंभ ही सर्वाधिक मागणी असलेली आणि बोलण्यासाठी सर्वांत अवघड जागा आहे. पाहुणे येत असतात, जात असतात. व्यासपीठापुढे छायाचित्रांसाठी रांग लागलेली असते. निम्मे लोक जेवणाच्या टेबलांकडे वळलेले असतात, आणि वधूवर कित्येक तास उभे राहून दमलेले असतात. अशा ठिकाणी तीन मिनिटांपलीकडे जाऊ नये. सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो असे धरले, तर लिहिलेला मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आत हवा. रांग लागण्यापूर्वी, म्हणजे वधूवर व्यासपीठावर आल्या आल्या, बोलून घ्यावे. आपले वधूशी किंवा वराशी नाते काय, एक छोटी गोष्ट, समोरच्या कुटुंबाचा आदराने उल्लेख आणि शुभेच्छा, एवढेच त्यात असावे. पगाराचे आकडे, परदेशातील नोकरीचा बडेजाव, जुनी प्रेमप्रकरणे आणि चार मित्रांनाच कळणारे विनोद यांपैकी काहीही नको.

दोन प्रसंगांत मात्र माझे हे मत बदलते. व्याही अन्य भाषक असतील, तर स्वागत समारंभातील मनोगताचे मोल फार वाढते, कारण दोन्ही घरांना समजेल असे त्या दिवशी तेवढेच बोलले जाते. अशा वेळी कन्नडमध्ये, गुजरातीत किंवा पंजाबीत दोन वाक्ये जरूर बोलावीत. त्यांचे उच्चार त्या घरच्या माणसाकडून आधी तपासून घ्यावेत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये होणाऱ्या मराठी लग्नांतही, पाहुणे आपापल्या टेबलांशी बसलेले असताना भाषणांना वेगळी वेळ दिली जाते, तेव्हा ऐकले जाईल की नाही ही शंका राहत नाही.

दुसरा प्रसंग नोंदणी विवाहाचा. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार 30 दिवसांची नोटीस दिल्यानंतर, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघे एकमेकांचा पतिपत्नी म्हणून स्वीकार केल्याचे वाक्य उच्चारतात आणि सह्या करतात. तिथे मंगलाष्टक नसते, अक्षता नसतात. त्यानंतरच्या घरगुती मेळाव्यात बोलणे हाच जवळजवळ विधी ठरतो. अशा लग्नात एकाने दोन शब्द बोलून थांबू नये. दोन्हीकडचे एकेक वडीलधारे माणूस, एकेक मित्र आणि शेवटी वधूवर स्वतः, असा क्रम आखून सर्वांनी नीट तयारी करावी.

पाठ करायचे की वाचायचे, याचे उत्तरही जागेवरच अवलंबून आहे. मंगलाष्टक पाठ असले तरी कागद हाती ठेवावा, कारण सनईच्या आणि मुलांच्या गलक्यात एक शब्द निसटला तरी पुढचा चरण आठवत नाही. केळवणात कागद काढला की आपल्याच माणसांत परकेपणा येतो. तिथे चार मुद्दे मनात ठेवणे पुरते. स्वागत समारंभासाठी सगळा मजकूर लिहून, घरातल्या एकाला मोठ्याने ऐकवून, मग त्यातील पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ करावे आणि मधल्या मजकुरासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक पान जवळ ठेवावे. ते पान भ्रमणध्वनीवर नको, कारण त्या दिवशी तो सतत वाजत असतो.