तीन अल्बम, एक रविवार आणि आईचा यमन

गेल्या रविवारी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून कित्येक दिवस ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवलेले तीन अल्बम एका बैठकीत ऐकून काढले. शफल बंद, एकही गाणं पुढे ढकलायचं नाही. खालचं सगळं पहिल्यांदा ऐकून जे वाटलं ते आहे, महिन्याभरात मत बदललं तर बदललं.

आधी टेम इम्पालाचा ‘करंट्स’, २०१५ चा. नाव बँडचं पण रेकॉर्डिंगचा सगळा कारभार एकट्या केविन पार्करचा, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला घरच्या स्टुडिओत बसून. पहिलंच गाणं ‘लेट इट हॅपन’ जवळजवळ आठ मिनिटांचं, आणि मधेच एक तुकडा अडकतो, तोच तोच तोच, मी आधी वायफायला शिव्या घातल्या, मग उठून राउटर बंद-चालू केला, गाणं परत पहिल्यापासून लावलं तर त्याच जागी परत अडकलं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली की हे मुद्दाम केलंय, ओरखडे पडलेली सीडी अडकायची ना, तसं. फसवलं राव! नंतरची दोन-तीन छोटी गाणी मात्र कधी आली कधी गेली कळलंच नाही.

मग बिली आयलिश, २०१९ चा ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’. पोरगी तेव्हा १७ वर्षांची, भाऊ फिनियसने घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेला अल्बम, आणि २०२० ला एका रात्रीत पाच ग्रॅमी. सुरुवातच दातांचे अलाइनर काढताना होणाऱ्या सुर्रर्र आवाजाने होते, मला जरा कसंसंच झालं. बाई कानाशी कुजबुजते म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा, तर ‘झॅनी’मध्ये बास असा येतो की तिचा आवाजच फाटायला लागतो, मिरवणुकीतला फुटका स्पीकर जसा. मी हेडफोन काढून वायर तपासली. (आज सगळे माझी फिरकीच घेतायत.) शेवटाकडे अल्बम फार पेंगतो, तिथे मीही पेंगलो.

आणि तिसरा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. चरणजित सिंग, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२, गाव मुंबई! हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा माणूस, त्याने रोलंड कंपनीची तीन मशिनं घेतली, ज्युपिटर-८ (सिंथेसायझर), टीबी-३०३ (बासचं मशिन) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं मशिन), आणि त्यावर चक्क राग बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कोणी फारशी विचारली नाही, २०१० ला ती परत निघाली तेव्हा जग चाट पडलं, कारण शिकागोतल्या ज्या अ‍ॅसिड हाऊसचं, म्हणजे ३०३ च्या आवाजावर उभ्या राहिलेल्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं, एवढं कौतुक होतं ते १९८७ चं, आणि इकडे त्याच ३०३ वर पाच वर्षं आधी भैरव वाजलेला. त्या मशिनमध्ये एका सुरावरून पुढच्यावर घसरत जायची सोय आहे, म्हणजे आपली मींडच की. भैरवात मशिनी आवाजात ‘ओम नमः शिवाय’ येतं, अंगावर काटाच आला. तक्रार एकच, ८०८ चा ठेका दहाही रागांना जवळपास तोच, मधे मधे डोकं उठतं.

हा अल्बम स्पीकरवर लावला होता, त्यामुळे आई मेथी निवडता निवडता बाहेर आली.

“हा यमनच ना रे? मग मागे कोण लागलंय त्याच्या?”

ऐकत बसली पण. मालकंस, म्हणजे रात्रीचा राग, लागल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सव्वादोन. “भर दुपारी मालकंस?” म्हणाली आणि मेथीची परात घेऊन आत गेली, तोवर बाहेर शेवटचा बैरागी सुरू झाला, तो सकाळचा राग, म्हणजे परत सकाळ.