टॅलिनचा भारतीय दूतावास: मध्ये आता समुद्र नाही

2018 साली माझा पासपोर्ट संपत आला, तेव्हा एस्टोनियातल्या भारतीयांचं काम शेजारच्या फिनलंडमधल्या, हेलसिंकीच्या भारतीय दूतावासाकडे होतं. म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीतून, टॅलिनहून, पहाटेची फेरीबोट, दोन तास समुद्र, मग मेट्रोने दूतावासाच्या भागात, कुलोसारीला. टॅलिनच्या एका स्टुडिओने फोटो इथल्या मापाचा, 40 बाय 50 मिलिमीटरचा कापून दिला होता. आपल्याला तेव्हा लागायचा चौकोनी, 51 बाय 51. नवा काढून घेईपर्यंत दुपारची फेरी सुटली, घरी पोचले मध्यरात्री.

लेकीचा पहिला पासपोर्ट मात्र इथल्या इथे, टॅलिनच्या नव्या भारतीय दूतावासात झाला. तीन महिन्यांची होती. नवऱ्याने तिला मांडीवर धरलं, मी तिची घट्ट मिटलेली मूठ एकेक बोट करत उघडली आणि इवलासा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. पहिला ठसा फरकटला, दुसरा नीट उठला. कोणी घाई केली नाही. तिच्या दुधाच्या वेळेआधी आम्ही घरी होतो. पासपोर्टच नसलेलं बाळ फेरीने न्यायचं कसं, हा प्रश्नच उरला नव्हता.

नाशिकचे माझे मामा ट्रेझरीतून निवृत्त झालेत. ते विचारतात, "तेरा लाख वस्तीच्या देशात दूतावासाचा खर्च कशाला गं?" मामा, एस्टोनियाने दिल्लीत आपला दूतावास 2013 मध्येच उघडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू इथे येऊन गेले. 2021 मध्ये तर दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एकत्र बसणार होते. तिथे छोट्या देशाचंही एक मत असतं, आणि ते मागायला आपलं माणूस त्यांच्या राजधानीत असावं लागतं. आपल्या मंत्रिमंडळाने 30 डिसेंबर 2020 ला या दूतावासाला मंजुरी दिली, ती अगदी योग्य दिली. राजनैतिक संबंध 1991 पासूनचे, त्या मानाने फार उशिरा दिली, हेही खरं.

इथे कर भरणं, औषधाची चिठ्ठी, मतदानसुद्धा ऑनलाइन होतं. पण सांगलीच्या शेतजमिनीचं मुखत्यारपत्र करायचं तर अधिकाऱ्यासमोर बसून सही करावी लागते. ती सोय आता शहरातच आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या तीस वर्षांचा कापला.

जाणार असाल तर फोटो दूतावासाने सांगितलेल्या मापाचाच आहे ना, हे पट्टीने मोजून घ्या. सोबत बाळ असेल तर ओला रुमाल न्या. शाई लवकर निघत नाही, आणि अंगठा लगेच तोंडात जातो.