मांजराच्या मुतासाठी एन्झाइम क्लीनर: खान्देशच्या उन्हाळ्यात पैसे वसूल होतात का?

होतात, पण बाटलीवर छापलंय तसंच वापरलं तर नाही. बहुतेक बाटल्यांवर 'फवारा, १० मिनिटं थांबा, पुसून घ्या' एवढंच असतं. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. अशा हवेत फरशीवर फवारलेला पातळ थर ५ मिनिटंही ओला राहत नाही. एन्झाइमचं काम ओलाव्यातच चालतं, सुकलं की थांबलं. 'काही फरक पडला नाही' असं सांगणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

मुतातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. डोळ्यांत जाणारा तो वास धुण्यानं बराचसा जातो. मागे राहतं ते युरिक ॲसिड. त्याचे क्षार पाण्यात जेमतेम विरघळतात, टाइलच्या सांध्यात नाहीतर शहाबादीच्या छिद्रांत बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारतात. म्हणून दुपारी गेलेला वास संध्याकाळी कूलर लावला की परत येतो, नाहीतर मृगाच्या पावसात. आपल्या नाकाला कळला नाही तरी मांजराला कळतो, आणि ते त्याच कोपऱ्यात पुन्हा मुतायला बसतं. साबण, व्हिनेगर, खायचा सोडा यांनी हे युरिक ॲसिड फुटत नाही. एन्झाइमनं फुटतं, आणि बाटलीची किंमत त्याचीच आहे.

प्रमाणात बहुतेकांची गफलत होते. मोठं मांजर एका वेळी साधारण ३० ते ५० मिली मुततं. स्प्रेच्या एका दाबात जेमतेम १ मिली निघतं. चार-सहा फवारे मारून काय होणार? सरळ झाकण काढा आणि डागावर ५० ते ७५ मिली ओता, कडेनं चार बोटं जास्तच. त्याआधी ताजं मूत जुन्या सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका. जुना डाग असेल तर आधी साध्या पाण्यानं भिजवा. ओतल्यावर वर ओलं कापड, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि कडांवर वजन. पंखा-कूलरचा झोत तिकडे नको. ताज्या डागाला ३-४ तास, जुन्याला रात्रभर. मग कागद काढून आपोआप वाळू द्या. जुन्या डागाला हे दोनदा करावं लागतं. एका फेरीच्या हिशोबानं ५०० मिलीच्या बाटलीत ६ ते १० डाग निघतात.

फिनाइल आधीही नको, नंतरही नको. ते एन्झाइमचं काम बिघडवतं, शिवाय काळं फिनाइल मांजराला विषारी असतं, कारण त्यातलं फिनॉल पचवायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. आधी मारलेलं असेल तर जागा दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन मगच बाटली उघडा. ब्लीच तर लांबच ठेवा. अमोनियाशी मिळून त्याचा क्लोरामाइन वायू होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो.

चकचकीत टाइल आणि कोटा यांवर निकाल उत्तम, सांधे मात्र भरपूर भिजवायचे. शहाबादीला दुसरी फेरी धरूनच चाला. डिस्टेंपरच्या भिंतीवर एवढं पाणी ओतलं की पोपडे सुटतात, तिथं खरवडून रंग दिलेला बरा. धाब्याच्या घरात सारवलेल्या जमिनीवर बाटली वाया घालवू नका. वरची माती खरवडून टाकायची, नवी भरायची, सारवून घ्यायचं. कापसाच्या गादीचंही तसंच. मूत आतपर्यंत मुरतं, तिथवर द्रावण पोचवायला अख्खी बाटली लागते, आणि मग गादी वाळत नाही ती नाहीच. खोळ धुवा, तेवढा कापूस काढून गादीवाल्याकडून नवा भरून घ्या. याबाबत जाहिरातीतली वाक्यं सोडून द्यावीत.

डाग गेला तरी मांजर टोपल्याबाहेर का मुततं, हे बाटली सांगत नाही. आपल्याकडे लिटरचं (मांजराच्या शौचाच्या वाळूचं) टोपलं गच्चीवर पत्र्याखाली ठेवायची सवय. दुपारी तिथं प्लॅस्टिक आणि वाळू दोन्ही तापतात, मग मांजर थंड बाथरूम शोधतं. गवंड्याचं घमेलंही लहान पडतं. मांजराच्या लांबीच्या दीडपट टब हवा, एक बाजू १० सेंटीमीटरपर्यंत कापलेली, आत ५ ते ७ सेंटीमीटर बिनवासाचं बारीक बेंटोनाइट (ओलं झालं की गोळे धरणारी माती). गोळे रोज काढायचे. घरात मांजरं जितकी, त्याहून एक टब जास्त. शेपूट उभी थरथरवत भिंतीवर शिंतोडे उडवत असेल तर तो हद्दीचा प्रश्न आहे. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांचं हे थांबतं किंवा बरंच कमी होतं. आणि बोका टबात जाऊन पुन्हा पुन्हा कुंथतोय, थेंबही येत नाही, तर साफसफाई राहू द्या. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

घेताना लेबलवर बॅसिलस जिवाणूंचा (हे स्वतः एन्झाइमं तयार करतात) उल्लेख असलेली, कमी सुगंधाची बाटली निवडा. त्यांचे बीजाणू (जिवाणूंचं सुप्त, टणक रूप) उष्णता बऱ्यापैकी सोसतात, नुसती एन्झाइमं कुरियरच्या तापलेल्या गाडीत लवकर निकामी होतात. म्हणून उन्हाळ्याची बेगमी फेब्रुवारीतच मागवलेली बरी. घरी बाटली उतरंडीच्या कोपऱ्यात, सावलीत ठेवा. काँसन्ट्रेट (पाणी घालून पातळ करायचं दाट द्रावण) असेल तर गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी नको, भरून ठेवलेलं गार पाणी वापरा, आणि लागेल तेवढंच कालवा. कालवलेलं उरलं तर ते पुढच्या आठवड्यासाठी टिकत नाही.